स्त्रीप्रधान चावट विनोदपट

स्त्रीप्रधान चावट विनोदपट : ज्या चित्रपटांत मध्यवर्ती भूमिका एका किंवा अनेक स्त्रियांची असते आणि ज्यांतील विनोद मुख्यतः कामवासना, शरीरधर्म, मद्यपान व शिष्टाचाराचा भंग यांवर उभारलेला असतो, अशा विनोदपटांचा एक उपप्रकार. हा प्रकार प्रामुख्याने अमेरिकेत, हॉलिवुडमध्ये वाढला. १९३२–३४ या अल्पकाळात त्याला विलक्षण लोकप्रियता लाभली. नंतर अभ्यवेक्षणामुळे तो जवळजवळ लोपला आणि २०११ नंतर त्याचे नव्या स्वरूपात पुनरुज्जीवन झाले. अश्लीलपट व चावट विनोदपट यांत हेतूचा भेद आहे. पहिल्याचा हेतू कामोद्दीपन हा असतो, तर दुसऱ्याचा हसविणे हा असतो. तथापि कायद्याने, धर्मसंस्थांनी व प्रेक्षकांनी हा भेद नेहमीच मानला, असे दिसत नाही. किंबहुना या चित्रपटांविषयीचे वाद विनोदाच्या मजकुरापेक्षा तो कोण करते आणि त्याला कोण हसते, या प्रश्नांभोवतीच फिरत राहिले आहेत.

या वादाचे मूळ समजण्यास सिग्मंड फ्रॉइड यांनी विनोद व अबोध मन यांच्या संबंधांवर १९०५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथातील एक विवेचन उपयोगी पडते. फ्रॉइडच्या मते चावट विनोदाला तीन व्यक्ती लागतात : विनोद करणारा पुरुष, जिला उद्देशून तो केला जातो ती स्त्री, आणि तो ऐकून हसणारा तिसरा पुरुष. स्त्री प्रत्यक्ष हजर नसली, तरी ती विनोदाचे लक्ष्य म्हणून तेथे असतेच. या त्रिकोणात स्त्रीने स्वतः विनोद करावा, अशी जागाच ठेवलेली नाही. हे विवेचन व्हिएन्नातील तत्कालीन पुरुषवर्गाचे म्हणून वाचावे लागते. कारण बायकाबायकांत चालणारी थट्टा, लग्नघरातील चावट गाणी वा बाळंतिणीच्या खोलीतील गप्पा जगात सर्वत्र आढळतात. परंतु ही थट्टा पुरुषांच्या कानांआड चालत असे. ती रजतपटावर आली आणि तिकीट काढून कोणालाही ऐकता येऊ लागली, तेव्हा त्रिकोणातील लक्ष्य हेच वक्ता झाले. प्रेक्षकांनी मग तिसऱ्या जागी बसावे, की तिच्या शेजारी, हा प्रश्न त्या क्षणापासून उभा राहिला.

या प्रकाराची खरी प्रवर्तक मे वेस्ट (१७ ऑगस्ट १८९३–२२ नोव्हेंबर १९८०) ही अभिनेत्री व नाटककार होय. ब्रुकलिन येथे जन्मलेली ही स्त्री लहानपणापासून व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर वावरली. १९२६ मध्ये तिने जेन मास्ट या टोपणनावाने लिहिलेले सेक्स हे नाटक न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर आले. त्यात एका वेश्येची प्रमुख भूमिका तिने स्वतः केली. समीक्षकांनी नाटकाची निर्भर्त्सना केली. प्रेक्षकांनी मात्र ते तीनशेहून अधिक प्रयोग चालविले. फेब्रुवारी १९२७ मध्ये पोलिसांनी छापा घालून नटसंचास अटक केली. वेस्टला दहा दिवसांची कैद व पाचशे डॉलर दंड अशी शिक्षा झाली. चांगल्या वर्तणुकीबद्दल दोन दिवसांची सूट मिळून ती आठ दिवसांत सुटली. छापा पडेपर्यंत नाटक जवळजवळ वर्षभर चालू होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढील वर्षी डायमंड लिल या नाटकाने तिची ‘लिल’ ही व्यक्तिरेखा सिद्ध केली. १८९०–९९ या दशकातील बावरी भागातील मद्यगृहात गाणारी, हिऱ्यांनी मढलेली, पुरुषांना तोलूनमापून पाहणारी, परंतु कोणापुढे गयावया न करणारी ही स्त्री पुढे बहुतेक सर्व चित्रपटांत थोड्याफार फरकाने येत राहिली.

वेस्टने चित्रपटांत प्रवेश केला, तेव्हा तिचे वय चाळिशीला टेकले होते. नाइट आफ्टर नाइट (१९३२) मधील दुय्यम भूमिकेनंतर पॅरामाउंट कंपनीने डायमंड लिलवर चित्रपट काढण्याचे ठरविले. हे नाटक विल हेझ यांच्या निर्माता-संघटनेने पडद्यासाठी अयोग्य ठरविलेल्या कृतींत मोडत होते. तोडगा म्हणून शीर्षक व नायिकेचे नाव बदलण्यात आले आणि शी डन हिम राँग (१९३३) हा जेमतेम सहासष्ट मिनिटांचा चित्रपट तयार झाला. त्याने आर्थिक अडचणीत सापडलेल्या पॅरामाउंटला मोठाच हात दिला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्कर पारितोषिकासाठी त्याचे नामांकनही झाले. त्याच वर्षीचा आय ॲम नो एंजल याहून अधिक यशस्वी ठरला. त्यातील सर्कशीत सिंहांना खेळविणारी टीरा ही नायिका विवाहाचे वचन मोडणाऱ्या पुरुषावर दावा लावते. प्रतिपक्ष तिचे जुने प्रियकर साक्षीस आणून तिचे चारित्र्य उघडे पाडू पाहतो. तेव्हा टीरा वकिलाला बाजूला सारून स्वतः उलटतपासणी घेते, न्यायालयात डौलाने येरझारा घालते आणि एकेका साक्षीदाराला हास्यास्पद करून सोडते. पाहता पाहता न्यायाधीश व पंच तिच्या बाजूला झुकतात. ज्या पूर्वायुष्यामुळे तिला लाज वाटावी अशी अपेक्षा असते, तेच तिच्या विजयाचे साधन ठरते. सहा वर्षांपूर्वी प्रत्यक्ष न्यायालयात हरलेला खटला वेस्टने येथे पडद्यावर जिंकला, असे म्हणता येईल.

या दोन चित्रपटांच्या प्रेक्षकांत स्त्रियांची संख्या मोठी होती. नायिकेच्या पेहरावाचा व पुष्ट अंगयष्टीचा त्या काळच्या वेशभूषेवरही परिणाम झाला. एल्सा स्क्यापारेल्ली या पॅरिसमधील वेशसंकल्पिकेने १९३७ मध्ये विक्रीस आणलेल्या अत्तराची कुपी वेस्टच्या अंगाकृतीवरून घडविली होती. फ्रेंच लेखिका कोलेत हिने वेस्टविषयी लिहिताना तिचे वेगळेपण नेमके टिपले : पडद्यावरील इतर स्वैर नायिका अखेरीस मरतात, परागंदा होतात किंवा पश्चात्तापाने खचतात, ही एकटी यांपैकी काहीच करीत नाही. ती शेवटी लग्नही करीत नाही, हे कोलेतचे निरीक्षण मात्र काटेकोर नाही. शी डन हिम राँगच्या अखेरीस कॅरी ग्रांट नायिकेच्या बोटांतील सगळ्या अंगठ्या काढून आपली एकच अंगठी चढवतो. पण प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली ती अंगठी नव्हे, तर तोपर्यंतची तासाभराची मोकळीक. शेवट नीतीला देऊन मधला भाग आपल्याकडे ठेवण्याची ही तडजोड पुढेही या प्रकारात वारंवार आढळते.

याच्या उलट अर्थ लावणारा वर्गही मोठा होता. पेन फंड या संस्थेच्या साहाय्याने चित्रपटांच्या तरुणांवरील परिणामांचा जो अभ्यास झाला, त्याचे ग्रंथ १९३३ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यांपैकी समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर याचा ग्रंथ विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या चित्रपटविषयक आत्मकथनांवर आधारलेला होता. कपडे कसे घालावे, चुंबन कसे घ्यावे, प्रियकराशी कसे बोलावे हे आपण पडद्यावरून शिकलो, असे अनेक मुलींनी त्यांत नमूद केले होते. सुधारकांनी याचा अर्थ प्रेक्षक हा मेणासारखा असतो, असा घेतला. आत्मकथने बारकाईने वाचल्यास मात्र हव्या त्या गोष्टी उचलणारी, नको त्या हसण्यावारी नेणारी, चोखंदळ मुले-मुली त्यांत दिसतात. वेस्टच्या चित्रपटांतील आणखी एक मर्यादा तत्कालीन चर्चेत क्वचितच आली. तिच्या नायिकेच्या दिमतीला कृष्णवर्णीय दासी असत. लुईझ बीव्हर्स व गर्ट्रूड हॉवर्ड या गुणी अभिनेत्रींनी त्या भूमिका केल्या. मालकिणीच्या कोट्यांना हसणे एवढेच बहुधा त्यांच्या वाट्याला आले. वेस्टच्या गाण्याची व हालचालींची ढब कृष्णवर्णीय ब्लूज गायिकांच्या आणि नृत्यगृहांच्या परंपरेला बरीच ऋणी होती, ही गोष्ट लक्षात घेता हा दुजाभाव अधिकच खटकतो.

हॉलिवुडच्या निर्मात्यांनी मार्च १९३० मध्ये निर्मितिसंहिता स्वीकारली होती. पण तिची अंमलबजावणी ढिली होती. लीजन ऑफ डीसेन्सी या कॅथलिक संघटनेने बहिष्काराची मोहीम उघडल्यावर १९३४ च्या उन्हाळ्यात जोसेफ ब्रीन यांच्या नेतृत्वाखाली नवे कार्यालय सुरू झाले. त्याच्या मुद्रेविना चित्रपट दाखविणाऱ्या सदस्यास २५,००० डॉलर दंड ठरविण्यात आला. मे वेस्टमुळेच संहिता कडक झाली, हे सरसकट विधान अतिशयोक्त आहे. गुन्हेगारीपट व इतर अनेक नायिकापटही रोषास कारणीभूत होते. परंतु तिच्यावर या व्यवस्थेचा आघात सर्वांत जास्त झाला, यात शंका नाही. बेल ऑफ द नाइन्टीज (१९३४) चे मूळ शीर्षक ‘यात पाप नाही’ अशा अर्थाचे होते. ते बदलावे लागले. तिचे संवाद कागदावर पुष्कळदा निरुपद्रवी वाटत. त्यांतील चावटपणा उच्चारातील ओढ, विराम, भुवयांची हालचाल आणि कमरेवरचा हात यांत असे. कात्री चालवावी तर कशावर, असा पेच अभ्यवेक्षकांना पडे. काही वाक्ये केवळ कापली जावीत म्हणून आपण मुद्दाम भडक लिहीत असू, म्हणजे बाकीची वाचत, असे वेस्ट सांगत असे.

या पेचाचा कळस चित्रपटात न होता नभोवाणीवर झाला. १२ डिसेंबर १९३७ रोजी, रविवारी सायंकाळी, एनबीसीच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात वेस्टने ॲडम व ईव्ह यांच्यावरील प्रहसनात ईव्हची भूमिका केली. प्रहसन तिने लिहिलेले नव्हते. ते आर्च ओबोलर याचे होते आणि त्याची संहिता कंपनीने आधी पाहिलेली होती. तरीही निषेधाची पत्रे आली, शासकीय संचार आयोगाने कंपनीला खडसावले आणि वेस्टला नभोवाणीची दारे बरीच वर्षे बंद झाली. लिखित शब्द निर्दोष, पण ती बोलली म्हणून दोष, असाच या निर्णयाचा अर्थ होतो. ज्या श्रोत्यांना तो चावटपणा कळला, त्यांना तो स्वतःच्या जाणतेपणाशिवाय कळला नसता, हेही उघडच आहे.

यानंतरची सुमारे तीन दशके झपाट्याने सांगता येण्यासारखी आहेत. नायिकेचा खट्याळपणा शब्दचातुर्यात मुरला व त्यातून नायक-नायिकांच्या जुगलबंदीचे विनोदपट निर्माण झाले. प्रेस्टन स्टर्जेस याचा द लेडी ईव्ह (१९४१) हा त्यांतील उत्कृष्ट नमुना होय. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांना भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. पुढील वर्षी ऑटो प्रेमिंजर याचा द मून इज ब्लू हा, कौमार्याविषयी मोकळेपणी बोलणाऱ्या तरुणीवरील विनोदपट मुद्रेविना प्रदर्शित होऊनही चालला. १९६८ मध्ये निर्मितिसंहिता जाऊन वयोगटानुसार वर्गीकरणाची पद्धत आली. या मोकळिकीचा लाभ मात्र प्रथम पुरुषांनी घेतला. ॲनिमल हाउस (१९७८), पोर्कीज यांसारख्या चित्रपटांत स्त्री पुन्हा लक्ष्याच्या जागी गेली. एमी हेकरलिंग या दिग्दर्शिकेचा फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय (१९८२) हा अपवाद होय. त्यात शाळकरी मुलीच्या पहिल्या समागमातील निराशा आणि गर्भपात यांचे चित्रण उपदेशाविना आले आहे. वर्गीकरणही सर्वांना सारखेच लागू होत नसे. १९९९ मध्ये बट आय ॲम अ चीअरलीडर या जेमी बॅबिट हिच्या समलिंगी मुलींवरील विनोदपटास, नायिकेच्या हस्तमैथुनाच्या सूचक दृश्यामुळे, आधी प्रौढांपुरते सर्वांत कडक वर्गीकरण मिळाले. त्याच वर्षी मुलाच्या तशाच कृतीवर प्रसिद्धी मिळविणारा अमेरिकन पाय काही काटछाट करून सौम्यतर वर्गात बसला.

दरम्यान चित्रपटसमीक्षेत प्रेक्षकाकडे पाहण्याची दृष्टी बदलत होती. लॉरा मल्व्ही हिने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हॉलिवुडचा कॅमेरा पुरुषाच्या नजरेने पाहतो व स्त्रीला दृश्यवस्तू करतो, असे प्रतिपादन केले. या भूमिकेतून वेस्टसारख्या नटीकडे पाहिले, तर ती पुरुषांच्या कल्पनाविलासाचेच आणखी एक रूप ठरते. कॅथलीन रो हिने १९९५ च्या आपल्या ग्रंथात याला वेगळे वळण दिले. जास्त बोलणारी, जास्त खाणारी, जास्त हसणारी, आवरता न येणारी स्त्री लोकपरंपरेतील उत्सवी हास्याची वारसदार असते आणि स्वतःचे प्रदर्शन स्वतःच मांडून ती नजरेचे नियंत्रण आपल्या हाती घेते, असा तिचा विचार आहे. तत्पूर्वी १९९२ मध्ये बेल हुक्स हिने कृष्णवर्णीय स्त्रीप्रेक्षकांच्या प्रतिकारी दृष्टीची चर्चा केली होती. पडद्यावर आपल्यासाठी जागाच नसेल, तेव्हा पाहणारी स्त्री चित्राशी वाद घालीत पाहते, हा तिचा मुद्दा येथे विशेष लागू पडतो. एकच दृश्य एकाच सभागृहात तीन-चार अर्थांनी पाहिले जाते, ही गोष्ट यामुळे समीक्षेला मान्य करावी लागली.

एकविसाव्या शतकात या प्रकाराचे पुनरागमन ब्राइड्समेड्स (२०११) या चित्रपटाने झाले. स्त्रियांना विनोद का साधत नाही, अशा आशयाचा क्रिस्टोफर हिचन्स यांचा लेख २००७ मध्ये गाजला होता व त्यावरील वाद शमलेला नव्हता. क्रिस्टन विग व ॲनी मुमोलो यांनी लिहिलेला आणि पॉल फीग याने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट या वादाची कसोटी मानला गेला. तो पाहणे हे स्त्रियांचे सामाजिक कर्तव्य आहे, येथपर्यंत प्रचार झाला. विनोदपटाला हसू आले नाही, तर प्रेक्षकाने काय करावे, याचे उत्तर त्या प्रचारात नव्हते. प्रत्यक्षात सुमारे ३.२५ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभर सुमारे २८.८ कोटी डॉलर मिळविले आणि त्याला मूळ पटकथा व मेलिसा मॅकार्थी हिची साहाय्यक भूमिका यांसाठी ऑस्करची नामांकने लाभली.

त्यातील सर्वांत चर्चिलेला प्रसंग वधूवेशांच्या उंची दुकानात घडतो. स्वस्त उपाहारगृहातील जेवणाने विषबाधा होऊन वधू व तिच्या सख्या तेथेच ओकू लागतात. वधू शुभ्र पेहरावात भर रस्त्यात बसकण मारते. हा प्रसंग लेखिकांच्या मूळ संहितेत नव्हता. निर्माता जड ॲपाटो व दिग्दर्शक यांच्या आग्रहाने तो आला. म्हणून काही समीक्षकांनी त्याला पुरुषी विनोदाची नक्कल ठरविले. इतरांना त्यात विवाहोद्योगाच्या शुभ्र, निर्जंतुक भपक्याची यथेच्छ टवाळी दिसली. दुसरे वाचन चित्रपटाच्या एकूण रचनेशी अधिक जुळते. नायिका ॲनी हिचे केकचे दुकान मंदीत बुडालेले असते, सखीच्या लग्नाचा वाढता खर्च तिला झेपत नाही आणि तिची बहुतेक फजिती पैशाच्या चणचणीतूनच उद्भवते. चावटपणाच्या चर्चेत हा वर्गीय धागा बहुधा सुटतो. मॅकार्थीच्या भूमिकेबाबतही असेच मतभेद झाले. स्थूल स्त्रीच्या शरीराला हसावे, की तिच्या बेडर आत्मविश्वासासह हसावे, याचा निर्णय चित्रपट प्रेक्षकावर सोपवितो. एमी शूमरलिखित ट्रेनरेक (२०१५) मध्ये मद्य व स्वैराचार सोडून नायिका स्थिर प्रेमाकडे वळते, तेव्हा १९३३ च्या अंगठीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

मालकम ली याचा गर्ल्स ट्रिप (२०१७) हा या परंपरेतील दुसरा महत्त्वाचा टप्पा होय. न्यू ऑर्लीन्स येथील एसेन्स महोत्सवास जाणाऱ्या चार कृष्णवर्णीय मैत्रिणींची ही कथा केन्या बॅरिस व ट्रेसी ऑलिव्हर यांनी लिहिली. जगभर सुमारे १४ कोटी डॉलर उत्पन्न मिळविणाऱ्या या चित्रपटातील भूमिकेबद्दल टिफनी हॅडिश हिला न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाचे पारितोषिक मिळाले. कृष्णवर्णीय स्त्री ही स्वभावतःच कामुक असते, या गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेल्या लांच्छनास्पद समजुतीमुळे तेथील मध्यमवर्गाने प्रतिष्ठित वर्तनावर दीर्घकाळ भर दिला होता. म्हणून काही प्रेक्षकांना हा विनोद धोक्याचा वाटला. अनेकींना मात्र तो प्रतिष्ठेच्या ओझ्यातून मिळालेली सुटी वाटला. मे वेस्टच्या मागे उभे राहून हसणाऱ्या दासी येथे पुढे आल्या होत्या आणि विनोद त्यांचा स्वतःचा होता. अडेल लिम हिचा जॉय राइड व एमा सेलिगमन हिचा बॉटम्स (दोन्ही २०२३) यांनी हीच मोकळीक अनुक्रमे आशियाई-अमेरिकन मैत्रिणी व समलिंगी शाळकरी मुली यांच्यापर्यंत नेली.

मुंबईच्या हिंदी चित्रसृष्टीत या धर्तीचे प्रयत्न तुरळक आहेत. पण त्यांवरील प्रतिक्रिया उद्‌बोधक ठरतात. अलंकृता श्रीवास्तव हिच्या लिपस्टिक अंडर माय बुरखा या विनोदाची छटा असलेल्या चित्रपटास २०१७ च्या आरंभी केंद्रीय प्रमाणन मंडळाने प्रमाणपत्र नाकारले. कथा स्त्रीकेंद्रित आहे, हेही त्याच्या कारणांत नमूद होते. अपील न्यायाधिकरणाच्या निर्णयानंतर तो २१ जुलै २०१७ रोजी, म्हणजे अमेरिकेत गर्ल्स ट्रिप प्रदर्शित झाला त्याच दिवशी, पडद्यावर आला. स्त्रीप्रधान मराठी चित्रपटांना मोठा स्त्रीप्रेक्षक लाभतो, हे बाईपण भारी देवा (२०२३) ने दाखविले. त्याला स्त्रिया गटागटाने नटूनथटून जात. त्यातील विनोद मात्र घरगुती मर्यादेतला आहे. जून २०१८ मध्ये वीरे दी वेडिंग प्रदर्शित झाला, तेव्हा त्यातील स्वरा भास्कर हिच्या हस्तमैथुनाच्या दृश्यावर समाजमाध्यमांत गदारोळ उठला. आपण हा चित्रपट आजीसोबत पाहिला आणि त्या दृश्याने आपल्याला शरमल्यासारखे झाले, अशा तक्रारी अनेक खात्यांवरून आल्या. त्यांतील शब्दही जवळजवळ एकच होते.